शिळ्या पावाचा मान

म्युनिकच्या बेकरीत शिळा पाव विकत मिळतो. काउंटरच्या एका कडेला पारदर्शक पिशव्या रचलेल्या असतात आणि त्यांत पातळ काप करून वाळवलेला पांढरा पाव भरलेला असतो. त्याला इथे ‘क्नोडेलब्रोट’ म्हणतात. बाव्हेरियात नव्याने आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. काल न खपलेला पाव आज लोक पैसे मोजून का नेतात? तर त्यापासून जो पदार्थ होतो, तो ताज्या पावाचा होतच नाही. ताज्या पोळीची फोडणीची पोळी होत नाही, तसंच.

हा पदार्थ म्हणजे सेमेलक्नोडेल. सेमेल म्हणजे वरून कुरकुरीत, आतून मऊ असा छोटा गोल पाव. त्याचे शिळे काप कोमट दुधात भिजवायचे, त्यात परतलेला कांदा, पार्सली, जायफळ आणि अंडं घालायचं, गोळे वळायचे आणि मिठाच्या पाण्यात शिजवायचे. बाव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि टिरोलच्या डोंगराळ भागात हे रोजचं जेवण आहे. आता इटलीत असलेल्या दक्षिण टिरोलमध्ये होखएप्पान नावाचा किल्ला आहे. त्याच्या छोट्या चॅपेलमध्ये साधारण इ.स. १२००च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. येशूच्या जन्माच्या प्रसंगात मेरीच्या पायाशी एक बाई चुलीजवळ बसली आहे. तिच्या कढईत गोल गोळे आहेत आणि त्यातला एक ती तोंडाशी नेऊन चाखते आहे. क्नोडेलचं हे सर्वांत जुनं चित्र मानलं जातं. देवाच्या जन्माच्या चित्रात चित्रकाराला स्वयंपाक करणारी बाई काढावीशी वाटली, आणि तिने पदार्थ झालाय का हे चाखून बघणंही त्याने टिपलं, याचं मला फार अप्रूप आहे.

हा पदार्थ मी शिकले शेजारच्या आजींकडून. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक कापडी पिशवी टांगलेली असते. संध्याकाळी टोपलीत एखादा सेमेल उरला, की त्या लगेच त्याचे पातळ काप करतात, ताटात पसरून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत टाकतात. “पाव आज कापा,” त्या मला म्हणाल्या, “परवा त्याला सुरीही लागणार नाही तुमची.” अख्खा सेमेल तीन-चार दिवस तसाच राहिला तर खरोखरच दगड होतो. मग त्याचे काप होत नाहीत, नुसता चुरा होतो, आणि चुऱ्याचा क्नोडेल चिकट लागतो. काप असले, की आत पावाचे पदर राहतात. चांगला क्नोडेल मोडून बघितला तर हे पदर, मधूनमधून हिरवी पार्सली आणि कांद्याचे सोनेरी तुकडे वेगवेगळे दिसतात.

शिळेपणाबद्दल आपला एक पक्का समज असतो की पाव वाळतो म्हणून शिळा होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिलं, की ओलावा बाहेर जाऊ न देता हवाबंद ठेवलेला पावसुद्धा शिळा होतो, आणि तो पुन्हा गरम केला की मऊ पडतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. पाव निवला, की हाच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसायला लागतो आणि पाव ताठ होतो. थंडाव्यात ही क्रिया जास्त वेगाने होते, म्हणून पाव फ्रीजमध्ये ठेवला की लवकर शिळा होतो. बाहेर कापडात ठेवावा, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये.

क्नोडेलला हाच ताठपणा हवा असतो. ताजा पाव दुधात घातला की त्याचा लगदा होतो. शिळा, वाळलेला काप दूध सावकाश पितो, भरपूर पितो, आणि तरीही आपला आकार सोडत नाही. नंतर गरम पाण्यात गेला, की तोच स्टार्च पुन्हा फुगतो आणि गोळा धरून ठेवतो. मात्र शिळा आणि बुरशी आलेला यांत गल्लत करू नये. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो अख्खा पाव टाकून द्यायचा, तेवढाच भाग कापून उरलेला वापरायचा नाही. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात.

माझी मुलगी शाळा संपता संपता व्हीगन झाली. मांस आमच्याकडे आधीपासून नव्हतंच. तिने दूध आणि अंडी सोडली. अंड्यांचं कारण तिने मला समजावून सांगितलं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या जातीतली नर पिल्लं ना अंडी देतात, ना मांसासाठी परवडतात. जर्मनीत वर्षाला सुमारे साडेचार कोटी पिल्लं जन्मल्या दिवशीच मारली जात. १ जानेवारी २०२२ पासून इथल्या कायद्याने त्यावर बंदी आली. “बंदी आली हे चांगलंच झालं,” ती म्हणाली, “पण मला अंडं नकोच आहे. क्नोडेलमध्ये अंडं कशाला लागतं गं, आई?”

प्रश्न बरोबर होता. सेमेल स्वतः सहसा पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ यांचाच असतो. दुधाऐवजी ओटचं किंवा सोयाचं बिनसाखरेचं दूध चालतं, कारण पावाला ओलावा हवा असतो. लोण्याऐवजी कांदा तेलात परतला तरी तो तितकाच गोड होतो. राहिलं अंडं. ते दोन कामं करतं. कच्चं असताना काप एकमेकांना चिकटवतं, आणि साधारण साठ-सत्तर अंशांना घट्ट होऊन गोळ्याला बांधून ठेवतं. ही दोन्ही कामं करणारी वस्तू आपल्या घरात बाराही महिने असते. बेसन ओलं असताना चिकटतं आणि शिजलं की धरून ठेवतं, हे कोथिंबीर वडी करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. जर्मनीत ते भारतीय किंवा तुर्की दुकानात मिळतं, आता मोठ्या सुपरमार्केटांतही दिसतं.

शेजारच्या आजींना हे पटलं नव्हतं. अंड्याशिवाय गोळे पाण्यात सुटणार असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्यांनी आम्हाला अडवलं नाही. उलट ओट्याशी उभ्या राहून अंड्याआधीची सगळी शिस्त त्यांनी आम्हाला पुन्हा शिकवली. अंडं काढून घेतलं की त्या शिस्तीवर सगळा भार येतो. अंडं बरंच काही खपवून घेतं, बेसन तेवढं खपवून घेत नाही.

तर कृती अशी. वाळलेले पावाचे काप ३०० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा सेमेल. त्यावर ३०० मिलिलीटर कोमट ओटचं दूध सगळीकडे पडेल असं शिंपडायचं आणि झाकून ठेवायचं. मध्यंतरी एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून दोन चमचे तेलात मंद आचेवर परतायचा. तो लालसर होऊ द्यायचा, करपू द्यायचा नाही. गॅस बंद करून त्यात मूठभर चिरलेली पार्सली घालायची. तीन मोठे चमचे बेसन थोड्या पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचं, त्यात एक चमचा कॉर्नफ्लोअर. हे सगळं पावावर घालून मीठ, मिरपूड आणि जायफळ किसून टाकायचं. जायफळ हात आखडून घालू नये, या पदार्थाचा वास जायफळाचाच.

आता हाताने कालवायचं, पण कणकेसारखं मळायचं नाही. बोटांनी दाबत, उलटत राहायचं. काही काप मोडतात, त्यांचा लगदा होतो आणि तो बाकीच्या कापांना चिकटवतो. निम्मे काप ओळखू येतील एवढंच मोडायचं. मग झाकून किमान अर्धा तास ठेवायचं. ही अर्ध्या तासाची विश्रांती अंडं असताना लोक टाळतात. अंडं नसताना ती टाळता येत नाही, कारण कोरडे राहिलेले काप या वेळात ओल ओढून घेतात आणि बेसन फुगतं. नंतर मिश्रण मुठीत दाबून बघावं. बोटांतून पाणी निथळलं तर चमचाभर पावाचा चुरा, भेगा पडल्या तर दोन चमचे दूध.

हात ओले करून मुठीत मावतील असे गोळे वळायचे आणि ओल्या तळव्यांत फिरवत त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. चीर राहिली, की तिथून पाणी आत शिरतं आणि गोळा सुटायला लागतो. पसरट पातेल्यात खारं पाणी उकळायचं आणि मग आच कमी करायची. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. खळखळत्या पाण्यात गोळे एकमेकांवर आपटून फुटतात. आधी एकच गोळा सोडून बघायचा. इथल्या घरोघरी ही रीत आहे. तो टिकला तर बाकीचे सोडायचे, सुटायला लागला तर उरलेल्या मिश्रणात आणखी चमचाभर बेसन. झाकण अर्धवट ठेवून वीस मिनिटं. गोळे वर येतात, हळूच कूस बदलतात.

आमचा पहिला गोळा टिकला. आजींनी तो बशीत घेतला आणि काट्याने मोडला. क्नोडेल सुरीने कापत नाहीत. सुरी उचलली तर गोळा काट्याने मोडण्याइतका मऊ झालेला नाही असा अर्थ होतो, आणि तो करणारीचा अपमान समजतात. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, “पावाची चव जास्त येते.” माझ्या मते या पदार्थाबद्दल यापेक्षा नेमकं काही बोलता येणार नाही. अंडं आणि लोणी नसल्यावर पाव कसा होता हे जिभेला थेट कळतं. म्हणून पाव चांगला घ्यावा. जर्मनीत पावाचे तीन हजारांहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत आणि इथली पावाची संस्कृती २०१४ मध्ये देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, पण कारखान्यातला, पोकळ फुगवलेला पाव इथेही भरपूर मिळतो. त्याचे क्नोडेल बेचव होतात.

सोबत अळंबीचा दाट रस्सा करतात. आम्ही त्यात ओटची क्रीम घालतो. उरलेल्या क्नोडेलचं दुसऱ्या दिवशी जे करतात, ते मला पहिल्या दिवसापेक्षाही आवडतं. थंड गोळ्याच्या चकत्या, त्यावर कच्च्या कांद्याचे पातळ काप, व्हिनेगर, तेल, मिरपूड. शिळ्या पावाचा शिळा क्नोडेल, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी याच्यासारखं जेवण नाही.

महाराष्ट्रात हे करायचं तर लादी पाव जरा जास्तच मऊ पडतो. इराण्याकडचा ब्रून, म्हणजे कडक पाव, सेमेलच्या सर्वांत जवळचा. गोव्यात उंडे. पावात दूध किंवा लोणी घातलंय का, हे बेकरीत विचारून घ्यावं. पावसाळी हवेत काप तसेच ठेवले तर बुरशी धरतात, म्हणून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडे करावेत. पाण्यात सोडायची धास्ती वाटली तर मोदकपात्र काढावं. वाफेवर वीस-पंचवीस मिनिटांत क्नोडेल छान होतात आणि सुटायचा प्रश्नच येत नाही. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली तर पदार्थ वेगळा होतो, पण वाईट होत नाही.

जर्मनीत २०२२ मध्ये सुमारे १ कोटी ८ लाख टन अन्न कचऱ्यात गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक घरांतून. हॉटेलांतून नाही, दुकानांतून नाही, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या ओट्यावरून. हा आकडा वाचला की मला खिडकीशी टांगलेली ती पिशवी महत्त्वाची वाटते. आजी पाव वाचवतात कारण अन्न टाकणं त्यांना पाप वाटतं. मुलगी अंडं सोडते कारण दुसऱ्या जिवाला होणारा त्रास तिला नको आहे. दोघींची कारणं वेगळी आहेत, पण दोघीही ताटात काय येतं आणि ताटाबाहेर काय जातं याकडे बघतात. बघणं हेच यातलं खरं काम आहे.

आणि ते वेळेवर करावं लागतं. पाव वाया जातो तो कचऱ्याच्या डब्यात पडताना नाही, उरलेल्या संध्याकाळी त्याच्याकडे कुणी बघितलं नाही तेव्हा. बेकरीतल्या त्या पिशवीतला पाव आणि डब्यात गेलेला पाव, दोन्ही सारखेच शिळे. एकाला कुणीतरी तो मऊ असतानाच हातात घेऊन त्याचे काप केले, एवढाच फरक. आज रात्री तुमच्याकडे पाव उरला असेल, तर सुरी आजच घ्या.