बुरसलेली पेंड कोंबड्यांना कशाला?

इयत्ता ४ थी

आमच्या घरी एक म्हैस, दोन शेळ्या आणि सात कोंबड्या आहेत. आधी नऊ होत्या. पेंडीचे पोते येते ते म्हशीचे. आबा म्हणतात, म्हैस दूध देते, दुधाचा पगार होतो. ते खरे आहे. पण माझ्या वह्या, कंपासपेटी आणि आज्जीची चहासाखर अंड्यांच्या पैशांतून येते, ते कोणी धरत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की कोंबड्यांनाही पेंड द्यावी, आणि चांगली द्यावी.

नुसत्या ज्वारीने, मक्याने कोंबडीचे पोट भरते. पण अंडे तयार व्हायला प्रथिने लागतात आणि ती धान्यात कमी असतात. शेंगदाण्याच्या पेंडीत शंभर भागांत चाळीसच्या वर असतात. तेल निघून गेले तरी एवढी ताकद मागे राहते, हे मला आधी खरेच वाटले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात पोते भिंतीला टेकून ठेवले होते. त्याला ओल लागली आणि पेंडीवर हिरवी-पिवळी बुरशी आली. म्हशीने तोंड लावले नाही. मग घरात ठरले, "टाका कोंबड्यांना, त्या काहीबी खात्यात." मीच पाटी भरून टाकली. थोड्या दिवसांनी अंडी कमी झाली. कोंबड्या पंख पाडून बसायच्या. दोन मेल्या. त्यातली तांबडी माझ्या हातातले दाणे खायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मानमोडी आली असंल." पण मान कोणाचीच वाकडी झाली नव्हती. आणि ती पेंड उकिरड्यावर टाकल्यावर बाकीच्या सुधारल्या.

मी बाईंना विचारले. त्यांनी सांगितले की १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे एक लाखाच्या वर पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझील देशातून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. तिच्यात बुरशीचे विष होते, त्याला अफलाटॉक्सिन म्हणतात. पेंड वाळवली, भाजली तरी ते पुरते जात नाही. म्हशीने खाल्ली असती तर दुधातसुद्धा उतरले असते. म्हणजे म्हैस शहाणी निघाली.

सगळ्या पेंडी सारख्या नसतात. सरकीची पेंड जास्त झाली तर ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट, तपकिरी होतो. एरंडीची तर विषारीच, ती शेतात खत म्हणून घालतात. शेंगदाण्याची चांगली, पण तीसुद्धा कुटून भरड्यात मिसळावी. दहा मुठी भरड्याला एक मूठ पुरते. वर शिंपल्याचा चुरा ठेवावा, कारण पेंडीने अंड्याचे कवच बनत नाही.

आबांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "पेंडीचा भाव म्हाईत हाय का तुला?" मी म्हणाले, सात कोंबड्यांना मिळून दिवसाला एकच मूठ. ते काही बोलले नाहीत. पण पोते आता फळीवर ठेवले आहे, भिंतीपासून लांब. सकाळी मी एक मूठ काढते तेव्हा आबा दुसरीकडे बघतात.