शेवटची नोंद आधी तपासा
हिशेबात फरक निघाला की जुनी खाती उलगडण्यापूर्वी अलीकडच्या नोंदी पाहाव्यात, हा बँकेतला शिरस्ता. फेरफार केलेल्या मोटारीत गिअरचा दांडा सैल किंवा वाकडा लागू लागल्यास हाच न्याय लावावा. आखूड दांडा, जड मूठ, नवे आवरण, यांपैकी जे शेवटी बदलले ते प्रथम तपासावे. घट्ट बसवलेले आवरणसुद्धा दांडा ओढून गिअर सोडवू शकते.

पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या अनेक गाड्यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबली जातात. एक आडवी ओळ निवडते, दुसरी गिअर टाकते. गाडी सपाटीवर उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, हँडब्रेक ओढून चाकांना अटकण लावावी. एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरील तरफ न्याहाळावी. दांड्यामागून तरफ उशिरा हलत असेल, तर बुश झिजला असावा किंवा केबल सैल असावी. केवळ एका बाजूचे गिअर अडत असतील, तर केबलची जुळणी संशयास्पद. इंजिन बंद असता सारे गिअर सहज पडतात आणि चालू होताच अडतात, तेव्हा क्लच पाहावा.

दांडा न्यूट्रलमध्ये आहे असे समजून क्लच सोडला आणि गाडी उसळली, तर पुढे अंगणात खेळणारे मूल असू शकते. तरुणांनी हौस जरूर करावी; मात्र निदान होईपर्यंत किल्ली खुंटीवरच राहू द्यावी.