चढणीच्या माशांना वाट द्या

राज्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि त्याची बातमी होते. वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याच्या आसपासचे नाले, तलाव आणि धनोडीजवळचा निम्न वर्धा प्रकल्प यांची आठवण मात्र कोणालाच राहत नाही. पहिल्या पुरात अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, नेमकी तिथेच बारीक आसाची जाळी लागतात. मरळीचे तर आणखी वाईट. ती पिलांची राखण करते. पिलांचा लालसर थवा वर आला, की खाली आईबाप आहेत हे शिकाऱ्याला कळते. ते धरले की थवा इतर माशांच्या पोटात.

तलावात दरवर्षी कटला-रोहूची बोटुकली सोडावी लागते, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे बीज सोडले म्हणजे संवर्धन झाले, हा सरकारी समज सोयीचा आहे (हिशेबही लगेच जुळतो). स्थानिक जातींचा त्यात विचारच नाही. तलावांचा ठेका देताना ठेक्याच्या रकमेइतकेच जाळ्याच्या आसाकडे बघा. विणीच्या काळात नाल्यांची तोंडे मोकळी ठेवायची अट घाला, आणि त्या आठवड्यांची भरपाई भोई-ढिवरांच्या सहकारी संस्थांना द्या.