कल्याणमार्गे इजिप्त

प्राचीन इजिप्तविषयीचे वाचन बहुधा पिरॅमिडपासून सुरू होते. तथापि ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाने ते ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या छोट्या ग्रंथापासून सुरू करावे, कारण त्यात त्याला आपलेच गाव भेटते. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्यालगतच्या बंदरांची माहिती देणारी मार्गदर्शिका; ही मार्गदर्शिका इ.स. पहिल्या शतकात, रोमन अमलाखालील इजिप्तमधल्या एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिली. तिच्या ६६ परिच्छेदांपैकी ५२व्यात ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण येते, आणि एके काळी रीतसर व्यापार चालणाऱ्या या बंदरात पुढे संदनेस नावाच्या शासकाच्या सत्तेखाली चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही त्यात नोंदलेले आहे. लायोनेल कॅसन यांची १९८९ची सटीप आवृत्ती यासाठी उत्तम.

या व्यापाराचे दुसरे, इजिप्तकडचे टोक स्टीव्हन साइडबॉथम यांच्या बेरेनिके या तांबड्या समुद्रावरील बंदराविषयीच्या ग्रंथात (२०११) दिसते. तेथील मंदिराच्या आवारात जमिनीत पुरलेल्या भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी सापडली. त्यानंतर फॅरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या, सलग इतिहासासाठी टोबी विल्किन्सन यांचा ‘द राइज अँड फॉल ऑफ एन्शंट इजिप्त’ (२०१०) हाती घ्यावा.

१८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्या सभासदांनी या तिन्ही ग्रंथांची मागणी आवर्जून नोंदवावी.