मुलींचे व्यवसाय : घरची मुलगी आणि परिचारिकेचा पेशा

विक्रोळीच्या कन्नमवारनगरांतून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांची कन्या विज्ञानशाखेंतून बारावी उत्तीर्ण झाली असून परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम घ्यावा असें तिच्या मनांत आहे. वडील कांहींच बोलत नाहींत. आजींचा मात्र स्पष्ट नकार आहे. "डॉक्टर हो, नाहीं तर मास्तरीण हो, पण परक्यांचीं भांडीं उचलण्यासाठीं तुला शिकविलें नाहीं," असें त्या म्हणतात. आतां सासूबाईंचें मन मोडावें कीं मुलीचें, असा या भगिनीचा प्रश्न आहे.

आजींचा आक्षेप त्यांच्या एकट्यांचा नाहीं. आपल्या समाजांत तो शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईंत १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत या परिचर्येचें शिक्षण घेणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्री म्हणून नमूद आहेत. पुढें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें आणि रमाबाई रानडे यांनीं त्याची धुरा वाहिली. त्या संस्थेनें ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास मुली पाठविल्या, तेव्हां हेंच ऐकावें लागलें. परजातीच्या रोग्यास शिवावयाचें, परपुरुषाची शुश्रूषा करावयाची, हें कुलीन घरच्या बाईनें करावें काय ? रमाबाईंनीं त्या टीकेस भीक घातली नाहीं. आपलें माणूस आजारी पडलें म्हणजे त्याच्या उशाशीं शहाणी, हळुवार हाताची परिचारिका असावी असें आपणां सर्वांस वाटतें. मात्र ती दुसऱ्याच्या घरची असावी! या न्यायाचा विचार प्रत्येक कुटुंबानें एकदां प्रामाणिकपणें करावा.

आतां हें काम असतें तरी कसें, तें पाहूं. सकाळपाळी साधारणपणें सातला लागते. विक्रोळीच्या मुलीला धीम्या गाडीनें शीव चौथें स्टेशन आणि परळ त्यापुढें तिसरें. म्हणजे पहाटे पांचच्या आसपास अंथरूण सोडणें आलें. कक्षांत पाऊल ठेवतांच रात्रपाळीच्या परिचारिकेकडून एकेका खाटेचा ताबा घ्यावयाचा : कोणाचा ताप चढला, कोणाचें सलाइन संपत आलें, कोणास शस्त्रक्रियेसाठीं उपाशी ठेवावयाचें. मग औषधें. रोगी तोच, औषध तेंच, मात्रा तीच, देण्याचा मार्ग तोच आणि वेळहि तीच, हीं पांच पडताळणीं प्रत्येक खाटेपाशीं करावयाचीं. कारण येथील हयगयीची किंमत रोगी भरतो. डॉक्टर फेरी करून जातात, परिचारिका खाटेजवळ राहते. म्हणूनच रोग्याचा श्वास बदलला, नाडी मंदावली, हें बहुधा प्रथम तिलाच कळतें.

राहिली भांडीं उचलण्याची गोष्ट. रोग्याची लघवी मोजून कागदावर नोंदणें हें हलकें काम नव्हे; मूत्रपिंडें काम करीत आहेत कीं नाहींत, हें डॉक्टरांस त्या आंकड्यावरून कळतें. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनीं बदलली नाहीं, तर त्याच्या पाठीस शय्याव्रण होतात आणि तेच पुढें जिवावर बेततात. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांजवर १९७३ सालीं रुग्णालयाच्या आवारांतच पाशवी हल्ला झाला. त्या पुन्हां कधीं उभ्या राहिल्या नाहींत. तेथील परिचारिकांनीं पिढ्या बदलल्या तरी २०१५ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत, सुमारें बेचाळीस वर्षें, त्यांची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगास एकहि शय्याव्रण झाला नाहीं, याची दखल २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गौरवानें घेतली. ज्या कामास आजी भांडीं उचलणें म्हणतात, त्याची खरी योग्यता ही आहे.

परंतु हेंच नांव आईच्या मनांतील भयाचेंहि आहे, आणि तें भय खोटें ठरवून चालणार नाहीं. रात्रपाळी टळत नाहीं. दुपारपाळी संपवून घरीं येण्यासहि रात्रीचे दहा वाजतात. म्हणून नोकरी धरण्यापूर्वीं पगाराइतक्याच अगत्यानें कांहीं गोष्टी विचारून घ्याव्यात : कपडे बदलण्यास कडीकुलुपाची खोली आहे काय, रात्रीं एका मजल्यावर किती जणी असतात, पहारा कोण करतो, वसतिगृह आहे काय. मात्र भयाचें उत्तर म्हणून मुलीस घरीं बसविणें योग्य नाहीं. विक्रोळी हें गांव कारखान्यांच्या पाळ्यांवर वाढलें. तेथील पुरुष रात्रपाळीस निघाला कीं घरानें त्यास डबा बांधून दिला. त्याच्या इभ्रतीची चौकशी कोणी केली नाहीं. मुलीलाहि तोच डबा आणि तोच विश्वास मिळावा.

त्या विश्वासास परिचारिका कशी पात्र ठरते, हें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईनें पाहिलें. कामा रुग्णालयांत अतिरेकी शिरले, तेव्हां प्रसूतीपूर्व कक्षांत श्रीमती अंजली कुलथे यांची रात्रपाळी होती. वीस गरोदर स्त्रियांस त्यांनीं आडोशाच्या लहान खोलीत हलविलें. एकीस कळा सुरू झाल्या, तेव्हां तिला जिन्यानें प्रसूतिगृहांत पोहोंचविलें. पुढें न्यायालयांत साक्षीस जातांना आपला गणवेष घालण्याची परवानगी त्यांनीं मागून घेतली. डिसेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढें त्यांनीं ही हकीकत सांगितली. तो वेष कमीपणाचा असता, तर कोणी तो मागून घेतला असता काय ?

व्यवहाराच्या चार गोष्टी मुलीसाठीं. पदवीस चार वर्षें लागतात, जी. एन. एम. पदविकेस तीन, आणि सहाय्यकारी परिचारिका प्रसाविकेच्या शिक्षणास दोन. महाविद्यालयास महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे, हें पाहिल्यावांचून शुल्क भरूं नये. सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका अशी बढतीची पायरी असते. पदवीनंतर आणखी दोन वर्षें शिकल्यास अध्यापनाची वाट खुली होते. जर्मनीस जावयाचें तर आधीं जर्मन भाषा पक्की करावी. खासगी रुग्णालयांतील वेतन हा मात्र दुखरा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनें असें सुचविलें, कीं दोनशेंहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनीं सरकारी परिचारिकेइतकें वेतन द्यावें, आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी तें महिना वीस हजारांखालीं नसावें. ही शिफारस मुलीनें लक्षांत ठेवावी आणि नोकरीच्या मुलाखतींत निःसंकोच बोलून दाखवावी. सेवा हा धर्म खरा. पण त्या नांवाखालीं कोणी तिचा पगार कापूं नये.

एक प्रश्न मात्र मुलीनें स्वतःस विचारावा. डॉक्टरकीची जागा हुकली म्हणून ती इकडे वळत आहे काय ? तसें असेल तर तिनें थांबावें. परिचर्या ही हुकलेल्या डॉक्टरकीची भरपाई नव्हे. तिचें शास्त्र निराळें आणि स्वभावहि निराळा. ज्या मुलीला रक्त पाहून भोंवळ येत नाहीं, चिडलेल्या रोग्याशीं जी शांतपणें बोलूं शकते आणि एकच काम रोज तितक्याच काळजीनें करण्याचा जिला कंटाळा नाहीं, तिनें अवश्य जावें.

आणि आजींस आमचें नम्र सांगणें एवढेंच, कीं घरांत त्यांचें पथ्यपाणी, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा आणि रात्रींचा त्यांचा खोकला कोणाच्या ध्यानीं राहतो, तें त्यांनीं आठवून पाहावें. तें नातीच्याच ध्यानीं राहत असेल, तर तिचा पेशा आजींनींच तिला शिकविला आहे. आतां आशीर्वाद तेवढा द्यावयाचा उरला आहे.