तेरीज जुळली, तरीही!

आमचा भाचा पुण्यात सर्किट बोर्डांची डिझाइनं करतो. त्याला वेगाचं वेड. कीबोर्डावरचे सगळे शॉर्टकट तोंडपाठ. शिवाय ऑटोराउटर, म्हणजे बटण दाबलं की तांब्याच्या वाटा आपोआप आखणारी सोय. "मामा, दोन दिवसांचं काम दोन तासांत!" असं तो म्हणाला की आम्हाला कापरं भरतं. आमच्या शाखेत एक गृहस्थ असेच भराभर नोटा मोजत. त्यांचा हिशेब जुळवायला बाकीचे सगळे रात्री नऊपर्यंत बसत.

या वेगवाल्यांना आमचं स्पष्ट सांगणं आहे : वाटा आखणं हे काम शेवटचं. आधी कोण कुठे बसणार ते ठरवा. कनेक्टर कडेला. आयसीचा शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर तिच्या वीज घेणाऱ्या पायाला खेटून. पंगतीत पाट नीट मांडले की वाढप्याला धावावं लागत नाही. पाटच वेडेवाकडे असले, तर तुमचा ऑटोराउटर वाढपी काय करील? माजघरातून अंगणात आणि अंगणातून माजघरात!

गेल्या वर्षी याचे पन्नास बोर्ड छापून आले. आयसीचे पाय सोळा, बोर्डावर जागा सोळा, दोन पायांतलं अंतरही तेच, १.२७ मिलिमीटर. पण आयसीचं अंग साडेसात मिलिमीटर रुंद आणि बोर्डावरची जागा तिच्या ३.९ मिलिमीटरच्या सडपातळ बहिणीसाठी! पैसे अर्थात याच्याच खिशातले.

"पण मामा, डीआरसी पास झालं होतं!"

अरे, होणारच! ती तपासणी वाटा एकमेकींना चिकटल्यात का, पुरेशा रुंद आहेत का, एवढंच बघते. तू बाजारातून कुठली आयसी आणलीस, हे तिला कोण सांगणार? आम्ही बी.कॉम. माणसं. जोशांचे पैसे कुलकर्ण्यांच्या खात्यात टाकले तरी तेरीज जुळते. जुळत नाहीत ते जोशी आणि कुलकर्णी.

बोर्ड आधी कागदावर मूळ मापात छापावा, खरे भाग त्यावर ठेवून बघावेत. खर्च कागदाचा, वेळ दहा मिनिटं. जमलेली मापं स्वतःच्या संग्रहात जपून ठेवली, तर पुढच्या वेळी तेवढं काम खरंच वाचतं. हे सुचवलं तर आम्ही जुनाट!

सध्या त्यातले सहा बोर्ड आमच्या ताईकडे चहाच्या कपांखाली असतात. कप मात्र बरोबर बसतात.