सुपारीने ताठरलेले गाल

विद्यार्थी मित्रांनो, लेख वाचण्याआधी एक प्रयोग करा. हात स्वच्छ धुवा. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे जुळवून उभी धरा आणि समोरच्या वरच्या व खालच्या दातांच्या मधून तोंडात घालून पाहा. गेली ना? निरोगी तोंडात ती सहज जातात. आता घरात वा शेजारी कोणी वर्षानुवर्षे सुपारी, खर्रा किंवा गुटखा चघळत असेल, तर त्यांनाही हाच प्रयोग करायला सांगा. काहींची दोनच बोटे जातील, एखाद्याचे एकच. त्यांना तिखट भाजी झोंबते, भाकरीचा मोठा घास घेता येत नाही.

या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली केनियातील काही भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो आढळल्याची नोंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडील रुग्णांत त्याचे वर्णन केले. गालाच्या आतल्या मऊ त्वचेखाली कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू साचत जातात आणि गाल चामड्यासारखा ताठर होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

सुपारीत असे काय आहे? एक तर अरेकोलीन. ते तंतू तयार करणाऱ्या पेशींना उत्तेजन देते. दुसरे म्हणजे तांबे. लायसिल ऑक्सिडेज नावाच्या विकराला काम करण्यासाठी तांबे लागते, आणि हे विकर कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी आडवे जोडते. आजी गोधडी शिवते ते आठवा. जुन्या लुगड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर ते सरकतात, वाकतात. दाट टाके घातले की तीच गोधडी जाड आणि ताठ होते. सुपारी आपल्या गालात असेच टाके घालत असते.

इथे माझा खरा मुद्दा सुरू होतो. कर्करोग म्हटला की आपण विषारी रसायनांचा विचार करतो, आणि तो बरोबरच आहे. रसायनांनी पेशीतील जनुके बिघडतात, तेथूनच रोगाची सुरुवात होते. परंतु बिघडलेली पेशी पुढे काय करील, हे तिच्या भोवतालच्या ओढाताणीवरही अवलंबून असते. पेशी जिथे चिकटते तिथे पकड घेऊन सतत ओढून पाहते. रस्सीखेचीचा दोर लवचिक फांदीला बांधला तर फांदीच वाकते आणि जोर लावता येत नाही. तोच दोर आंब्याच्या बुंध्याला बांधा, की पाय रोवून सगळी ताकद लावता येते. भोवताल ताठर असला की पेशीही अशीच जोर लावते, आणि त्या ताणाचे संदेश आत पोचून तिची वाढ व हालचाल वाढते. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ साली उंदरांवर मोजमाप केले. निरोगी स्तनग्रंथीचा ताठरपणा सुमारे १७० पास्कल भरला, तर कर्करोगाच्या गाठीचा सुमारे ४,००० पास्कल. २००९ साली त्यांनी लायसिल ऑक्सिडेजचे काम रोखून पाहिले, तेव्हा उंदरांत गाठींची वाढ मंदावली. सुपारीच्या संदर्भात ज्याचे नाव आले तेच हे विकर!

रोग पसरतानाही बलांचा खेळ चालूच असतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात बैलगाडीची चाकोरी पडली की पुढची गाडी आपोआप तिच्यातूनच जाते. ताणून सरळ झालेले कोलॅजेनचे तंतू कर्कपेशींना अशीच चाकोरी देतात. वाटेतल्या फटी अतिशय अरुंद असतात. पेशीचा बाकीचा भाग कसाही दबून निघतो, पण केंद्रक मोठे आणि कडक, ते अडते. २०१६ साली प्रयोगशाळेत दिसले, की अशा फटीतून रेटून जाताना केंद्रकाचे आवरण फाटते आणि आतील डी.एन.ए.ला इजा होते. म्हणजे प्रवास करता करता ती पेशी आणखी बिघडू शकते. पवईच्या आय.आय.टी.तही पेशींचा ताठरपणा आणि त्यांची हालचाल यांवर संशोधन चालते.

याचा अर्थ दाब किंवा ताण आला की कर्करोग होतो, असा कोणी काढू नये. तसे असते तर पैलवानांची काही धडगत नव्हती! आधी जनुके बिघडावी लागतात. सुपारी दोन्ही कामे करू शकते, हीच तिची खोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवले. आपल्या राज्यात २०१२ साली गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी आली, पण ‘यात तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ हे वाक्य पानठेल्यावर अजूनही ऐकू येते, आणि ते म्हणणाऱ्यांत तुमच्या वयाची मुलेही असतात. हे वाक्य खोटे आहे.

शिक्षकांशीही थोडे बोलायचे आहे. आपण बल शिकवतो तेव्हा फळ्यावर ठोकळा आणि दोरी काढतो. पेशी शिकवतो तेव्हा केंद्रकाला नाव देऊन पुढे जातो. दोन्ही धडे एकाच पुस्तकात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. स्थितिस्थापकता शिकवताना रबराच्या शेजारी गालाचे उदाहरण देता येईल. माझ्या मते ते जास्त लक्षात राहील, कारण गाल प्रत्येकाला आहे.

शिवाय शाळेत उंची आणि वजन मोजतोच, त्या तक्त्यात आणखी एक रकाना आखावा : तोंड किती उघडते. ज्याची तीन बोटे जात नाहीत, त्याला वर्गासमोर काही बोलू नये. त्याच्या घरी सांगून त्याला जिल्हा रुग्णालयातील दंतवैद्याकडे पाठवावे. एकदा ताठरलेला गाल पूर्ववत मऊ होणे कठीण असते. सुपारी लवकर सुटली तर पुढचे टाके मात्र पडत नाहीत.